परसातली माती

७ जानेवारी २००५
काय वांगी धरलीत! घरी रोज भाजी करूनही उरतात; लेकाबरोबर, पुष्करबरोबर, त्याच्या हिंजवडीच्या ऑफिसात पिशवी भरून पाठवली. लोक विचारतात, खत कुठलं? खत कसलं डोंबलाचं! धायरीच्या टेकडीखालची माती आहे ही. फ्लॅटवाल्यांच्या कुंड्यांना काय जमणार!

११ जानेवारी
सूनबाईंना, म्हणजे पूर्णिमाला, सातवा लागला. यवतमाळची पोर, नोकरी आयटीतली, पण तोंड उघडून काही मागेल तर शपथ. मी विचारून थकले, काय खावंसं वाटतं? "काही नाही, आई."
आज वाफ्याला पाणी घालताना शेजारी येऊन उभी राहिली. "किती छान वास येतो ना मातीचा!" झालं. कुंपणापलीकडून वेणूबाई लगेच — "कुसुमताई, सुनंला मातीचं डव्हाळं लागल्यात! द्या की, न्हाईतर बाळाची लाळ गळंल."
इतके दिवस मला कसं कळलं नाही!

१२ जानेवारी
माती पुरणाच्या चाळणीतून चाळली, तव्यावर खमंग भाजली, वाटीत घालून दिली. पूर्णिमा लाजली. वाटी घेऊन आपल्या गॅलरीत गेली, रिकामी घेऊन आली. चारचौघांत कशी खाणार बिचारी!
सासू असावी तर अशी — मीच म्हणते. दुसरं कोण म्हणणार?

२ फेब्रुवारी
रोज वाटी लख्ख रिकामी. तिच्या गॅलरीतला मोगराही तरारलाय. पोरीच्या हाताला गुण आहे. माझाच लागला असेल.

९ फेब्रुवारी
नातेवाईक नाकं मुरडायचे — सगळ्यांच्या मुली कॉम्प्युटरला आणि हिची दगडांना! आज यायला हवे होते. आमची अस्मिता विद्यापीठात व्यासपीठावर उभी राहून बोलली आणि सभागृह चिडीचूप! मी पहिल्या रांगेत, नारायणपेठी नेसून.
"या मातीत क्रोमियम, निकेल जास्त सापडलं," म्हणाली. "कारखान्याचा दोष नाही. काळा दगड झिजून माती झाली, धातू मुळात त्या दगडातलेच." एक नमुना चक्क आमच्या परसातला! शेजारच्या बाईंना सांगितलं, माझी मुलगी. आणि माझी माती.
मग कुणीतरी विचारलं, भाज्या खाव्यात का? "धुऊन खुशाल खा. धोका आहे तो माती पोटात जाण्याचा. रोज गेली तर मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. लहान मुलं, गरोदर बायका — त्यांनी तर मुळीच नको."
लोक टाळ्या वाजवत होते. माझे हात मांडीवरून उचलेनात.

१० फेब्रुवारी
अस्मिताला सगळं सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "उद्या वहिनीला डॉक्टरांकडे नेऊ. रक्त तपासू."
माझं नातवंड! आणि मी माझ्या हातानं — भाजून, खमंग करून!

११ फेब्रुवारी
सकाळीच पूर्णिमापुढे हात जोडले. वाटलं, रडेल. ती हसायलाच लागली! "आई, मी एक कणसुद्धा खाल्ला नाही. मला नुसता वास आवडला होता. तुम्ही इतक्या मायेनं भाजून द्यायचात, नाही कसं म्हणू? सगळी मोगऱ्याला घातली."
जाऊन पाहिलं. कुंडी काठोकाठ.
तिला जवळ घेऊन पुन्हा विचारलं, "आता खरं सांग, काय खावंसं वाटतं?"
"खरं सांगू? वांगी सोडून काहीही."