हट्टाच्या चिमणीतला सहा फूट पाईप

मंगळवारी, ६ जानेवारीला सकाळी साडेअकरा वाजता रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये एसीच्या ॲल्युमिनियम पाईपचा तुकडा पेटत्या भट्टीवर दहा मिनिटांत कागदासारखा चुरगळून वितळला, आणि तिथून माझं सगळं बदललं. तसलाच तुकडा मी एका घराच्या चिमणीत बसवून आलो आहे.

मी, नागेश शांताराम मेस्त्री, वय तेवीस, मूळ कणकवलीचा, सध्या बर दुबईत बेडस्पेसवर, म्हणजे सामायिक खोलीतल्या भाड्याच्या खाटेवर राहणारा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणीही भाग न पाडता लिहीत आहे. भीतीने भाग पाडलं असेल तर ते नाकारत नाही.

१. कारण. हट्टाच्या डोंगरात हुमेरा मॅडमचं गेस्टहाऊस आहे. डिसेंबरात तिथल्या फायरप्लेसच्या खोबणीत लाकडं जाळायची लोखंडी भट्टी मी बसवली. भट्टीपासून चिमणीच्या टोकापर्यंत स्टीलचा लवचिक, अखंड पाईप सोडायचा असतो, त्याला लायनर म्हणतात. तो खाली सहा फूट कमी पडला. आम्ही सगळे एसीच्या डक्टवरून या कामात आलेले, हाताला तेवढंच माहीत. मी एसीचा पाईप जोडला, टेप गुंडाळली. फोरमन विन्स्टन म्हणाला, हे लोक फोटोपुरती दोन लाकडं जाळतात, खलास, गाडीत बस.

परत जाऊन नवा लायनर आणता आला असता. पण टेसा तिथेच केअरटेकर आहे, वसईची, आणि माझा जीव तिच्यावर आहे. त्या दिवशी सगळ्यांसमोर ती म्हणाली, "कॉलेज अर्धं, नोकऱ्या अर्ध्या. लग्न तरी पूर्ण करशील का रे?" माझं डोकं फिरलं. पाना फेकला आणि निघालो.

टेसाची खोली त्याच चिमणीच्या भिंतीमागे आहे. जोड फुटला तर धूर तिच्याकडे जाणार. धुराला वास तरी असतो. त्याच्यासोबतचा विषारी वायू कळतही नाही, माणूस झोपेतच जातो. हट्टात सध्या कडाक्याची थंडी आहे. तिने कालच पेटवली असेल का, हा विचार आला की ओळ अर्धी सोडून मी फोन बघतो.

२. तिने माझा नंबर ब्लॉक केला आहे. माझ्या खोलीतल्या समाधानच्या फोनवरून निरोप दिला, भट्टी पेटवू नकोस. तिने त्याला उत्तर दिलं, "नागेशला सांग, नाटकं पुरे." चूक तिची नाही. नोव्हेंबरात मी ॲक्सिडेंट झाल्याचं खोटं सांगून तिला बर दुबईला बोलावलं होतं. ती रडत आली आणि मी चहा पीत बसलो होतो. मॅडमच्या ऑफिसात फोन केला, तिथली मुलगी म्हणाली, सांगते, इन्शाल्ला. आज दुपारी पाहुणे लहान मुलांसह येणार आहेत.

३. म्हणून मी जातो आहे. पूर्ण लांबीचा लायनर काल विन्स्टनला न विचारता उचलला. चोरी म्हणायची तर म्हणा. छपराला उतार आहे आणि मला उंचीची भीती वाटते, हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. दोरी घेतली आहे. वरून पडलो नाही तर मॅडमसमोर उभा राहून सांगेन की काम माझं होतं. मग पोलीस, डिपोर्ट, जे होईल ते.

४. ड्रिल, पाने आणि वडिलांनी दिलेला रंधा आमच्या पिकअपचा ड्रायव्हर भिवाला; तो साक्षीदार असला तरी त्यालाच. रंधा इथे कधी लागला नाही, तरी विकू नये.

५. बँकेत जे असेल ते आईला. वडिलांना सांगावं की मी इथे कोणाशी भांडलो नव्हतो. हे खोटं आहे, पण सांगावं.

६. डिप्लोमाच्या ज्या सरांच्या टेबलावर मी सबमिशन फेकून निघून आलो, त्यांना काही नाही. ड्रॉइंग मात्र चुकलंच होतं.

७. सेफ्टी बूट समाधानला. साक्षीदाराला काही मिळत नाही कळल्यावर तो म्हणाला, "मग मला साक्षीदार नको करू भाई, बूट दे." ते त्याला एक नंबर लहान होतील.

८. मी उरलो नाही तर जो कोणी हे काम पुरं करेल त्याला: लायनर एकसंध घ्या. वरच्या तोंडाशी पत्रा घट्ट बसवा, टोपी लावा. समोरची लाकडी फळी भट्टीपासून लांब सरकवा. किचनचा एक्झॉस्ट चालू असेल तर धूर उलटा खोलीत येतो, आधी तो बंद करून बघा. पहिला जाळ लहान ठेवा. आणि टेसाच्या खोलीत गॅसचा अलार्म लावल्याशिवाय काडी ओढू नका. अलार्म मी विकत घेतला आहे, माझ्या बॅगेत आहे.

९. टेसाला माझ्याकडून तो अलार्मच. बाकी काही घेणार नाही ती. या वेळी मी खरं बोलत होतो, एवढं तिला कोणीतरी वाचून दाखवावं.

साक्षीदार: भिवा, पिकअपचा ड्रायव्हर, माझ्यासोबत येतो आहे (सही). कृष्णाबाई, आम्हाला डबा देणाऱ्या. वाचल्यावर म्हणाल्या, "मेल्या, आधी खाऊन जा," आणि सही केली.

ठिकाण: बर दुबई. दिनांक: शुक्रवार, ९ जानेवारी २०२६, सकाळी पावणेसात.

नागेश शां. मेस्त्री (सही)

भिवाने खाली हॉर्न दिला. कागद उशीवर ठेवतो आहे. बॅग आणि लायनरचं वेटोळं खांद्यावर घेतलं, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.