पक्क्या तिकिटाचे कच्चे प्रवासी

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे त्यातली दोन अंगं तूर्त वजा धर, बाकीची मनापासून वाकलेली आहेत.) तुझी तब्येत कशी आहे हे फोनवरच विचारलं असतं, पण फोन तू उचलत नाहीस. तरी काल ज्या जोराने तो आपटलास, त्यावरून तुझ्या मनगटाचं दुखणं पार बरं झालेलं दिसतं, ऐकून समाधान वाटलं. भाऊजींचा खोकला कसा आहे? काल संध्याकाळी त्यांचा निरोप आला होता, ‘तुमची ताई बोलत नाही. गाद्या-उशा परत माळ्यावर गेल्या.’ बस, एवढाच. भाऊजी मुळात मितभाषी, त्यातून तू शेजारी उभी असणार. इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत. (इकडे म्हणजे कुठे, ते पुढे येईलच, घाई करू नकोस.)

तुझा राग रास्त आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. पण अपराध्यालाही बाजू मांडायची संधी देतात, आणि काल मी ‘ताई, जागा...’ एवढं म्हणतोय तोच तू फोन ठेवलास. पुढचं वाक्य तुला पाठ होतं असं तुला वाटलं. ते तसं नव्हतं ग. ते त्याहून वाईट होतं, म्हणून तर पत्र लिहितोय.

माझी सगळी हयात सरकारी विमान कंपनीच्या काउंटरवर गेली हे तू जाणतेसच. जगाला खिडकीजवळच्या जागा वाटल्या, आपल्या वाट्याला मात्र पास. आमचा पास म्हणजे फुकट, पण त्यावर ठळक छापलेलं, ‘जागा असेल तर’. पैसे भरलेला शेवटचा माणूस आत जाईपर्यंत आपण बाजूला उभं राहायचं, नाव पुकारलं तरच आत जायचं. त्याचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण घराघरात पाळले जायचे. कपडे इस्त्रीचे. बसायचं नाही. प्रवाशांसमोर खायचं नाही. कोणी काही विचारलं तर हसून सांगायचं. आणि आत बसल्यावरही पैसेवाला प्रवासी उगवला, तर मुकाट्याने उठून खाली उतरायचं. ही शिकवण आमच्या घरात इतकी भिनली होती की आमचा मुलगा शाळेत संगीत खुर्चीच्या पहिल्याच फेरीत बाद व्हायचा, कारण तो दुसऱ्याला बसू द्यायचा. न्हाव्याकडे गेला की दुकान बंद व्हायच्या वेळी तसंच डोकं घेऊन परत यायचा. मास्तरांना वाटे पोरगं मंद आहे. मी सांगायचो, मंद नाही, स्टाफचं आहे.

आणि तुझ्या गावाचं विमान! तेव्हा तुझ्या तिकडच्या आणि आपल्या सरकारांचा करार असा की, त्यांची एक कंपनी, आमची एक कंपनी, आठवड्यात मोजकी उड्डाणं, आणि भाडं दोघांनी चहा पिता पिता ठरवायचं. विमान कायम खच्चून भरलेलं. तू उशा काढायचीस, गाद्यांना ऊन दाखवायचीस, आम्ही सूट-साडी चढवून काउंटरशी उभे राहायचो, आणि विमान गेलं की तेच कपडे घालून घरी येऊन खिचडी टाकायचो. मग मी फोनवर म्हणायचो, ‘ताई, जागा नव्हती ग.’ किती वेळा म्हणालो ते मोजायची माझी हिंमत नाही, तू मोजलं असशीलच. गेल्या खेपेला तू म्हणालीस, आता परत माझ्या उशा खाली काढायला लावलंस आणि आला नाहीस, तर माझं दार तुला बंद. तू बोलल्याप्रमाणे वागतेस हा आपल्या घराण्यातला दोष फक्त तुझ्यात उतरला आहे.

मग ते खुल्या आकाशाचं प्रकरण आलं. म्हणजे काय, तर कुठल्याही कंपनीने यावं, हवी तितकी विमानं उडवावीत, हवं ते भाडं घ्यावं. मी विरोधात होतो हे तुला पेपरातल्या फोटोवरून ठाऊक आहे. (तोंड उघडं असलेला तिसरा माणूस मी.) कंपनीच्या गेटवर युनियनच्या सभेत केलेल्या भाषणात मी गरजलो होतो, ‘आकाश म्हणजे काय धर्मशाळा आहे?’ टाळ्या पडल्या. करार झालाच. परदेशी कंपन्या थव्याने उतरल्या, भाडी कोसळली, आणि आमचं काउंटर मधल्या हॉलमधून सरकत सरकत स्वच्छतागृहाशेजारी गेलं. (चौकशीला माणसं पूर्वीपेक्षा जास्त यायची, पण वेगळ्या चौकशीला.) तुझ्या गावाची उड्डाणं आधी निम्मी झाली, मग बंदच. शेवटच्या विमानात प्रवाशांपेक्षा कर्मचारी जास्त होते. काय दैव बघ, जन्मात पहिल्यांदा जागाच जागा होती, आणि त्या दिवशी परत येणारं विमान नव्हतं.

मी मनात कुढलो, खोटं कशाला सांगू. अजूनही आपल्याकडच्या डोंगरातल्या एका चिमुकल्या गावाला फक्त आमचीच कंपनी जाते, तोटा सोसून. या रंगीबेरंगी शेपट्यांची विमानं तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे माझं म्हणणं मी मरेपर्यंत सोडणार नाही. पण समोरचा हॉलही मला दिसत होता. पूर्वी तिथे अत्तराचा वास आणि ब्रीफकेसा असायच्या. आता बोचकी आली, पाळणे आले, काठ्या टेकत आयुष्यात पहिल्यांदा विमान बघणाऱ्या आज्या आल्या. आमच्या इमारतीतला शिंपी वर्षातून दोनदा लेकीकडे जाऊ लागला. तो जिन्यात भेटला की मला विचारायचा, ‘काय साहेब, बहिणीकडे जाऊन आलात का?’ मी जिना बदलायचो.

निवृत्त झालो. मग गेल्या महिन्यात मुलाने, चहाला उकळी फुटेपर्यंत, फोनवर बोटं फिरवून आम्हा दोघांची तुझ्या गावाची तिकिटं काढली. पैसे भरून! पक्की! त्यावर जागेचा क्रमांकसुद्धा! मी म्हटलं, मी गेटवर घोषणा दिलेल्या आहेत. मुलगा म्हणाला, ‘बाबा, आत्याला घोषणा नकोयत, तुम्ही हवे आहात.’ मी चहा घेतला. तसं या कंपनीचं सगळंच वेगळं. बॅगेचे पैसे वेगळे, पाण्याचे वेगळे, पाय लांब करण्याचे वेगळे. आमची ही म्हणाली, श्वास आतमध्ये घ्यायचा की बाहेरूनच घेऊन जायचा ते विचारून घ्या.

आता काल काय झालं ते ऐक, आणि कृपा करून पत्र फाडू नकोस. आम्ही वेळेच्या कितीतरी आधी पोहोचलो. मी सूटमध्ये, ही नव्या साडीत, बाकी सगळा हॉल अर्ध्या चड्डीत. रांग लागली आणि आमचे पाय, आम्हाला न विचारता, बाजूच्या खांबाशी जाऊन उभे राहिले. सगळे आत निघाले. मी एकाची बॅग उचलून दिली, दोघांना रांगेचं टोक दाखवलं, एका बाईंच्या बाळाला खेळवलं. काउंटरवरची गळ्यात रुमाल बांधलेली मुलगी माझ्याकडे कौतुकाने बघत होती. (तिला वाटलं मी विमानतळाचा अधिकारी आहे.) शेवटी तिने माइक हातात घेतला आणि म्हणाली की तिकिटं जागांपेक्षा जास्त विकली गेली आहेत, तरी कोणी दोन प्रवासी आपण होऊन...

ताई, तिचं वाक्य पुरं होण्याआधी माझा हात वर होता. आणि माझ्या हातावर खापर फोडण्याआधी हे लक्षात घे की तुझ्या भावजयीने तोवर पिशवीसुद्धा उचलली होती. रुमालवाली धन्यवाद देत भरपाईचं काहीतरी सांगू लागली. मी खानदानी हसलो आणि म्हणालो, छे छे, आमचं कामच आहे ते. आमच्या जागांवर एक जोडपं गेलं. त्यांची मुलगी पलीकडे बाळंत झाली होती म्हणे. (हे नंतर कळलं. आधी कळलं असतं तर निदान पुण्य पदरात पडलं असतं, हात वर झाला तो निव्वळ सवयीने.) दार बंद झालं. विमान सरकू लागलं. आम्ही दोघांनी काचेपाशी उभं राहून, नेहमीप्रमाणे, त्याला हात हलवला. हात हलवता हलवता ही थांबली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘अहो, आपण तर पैसे भरले होते.’

सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. इथे कंपनी मरायला टेकली, नोकरी संपली, आकाशसुद्धा खुलं झालं, आणि हा पीळ बघ! मी खुर्चीवर बसलो आणि मला हसू फुटलं, ताई. हीसुद्धा हसायला लागली. रुमालवाली घाबरून पाणी घेऊन आली. (फुकट.) मग मी तुला फोन केला, आणि पुढचं तुला ठाऊकच आहे. तेव्हा मात्र हसू पळालं.

यानंतर पदर खोचून ही काउंटरवर गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, मी लाजून खांबामागे होतो. पण या कंपन्यांना एकमेकींची भीती फार. गिऱ्हाईक रुसलं तर शेजारच्या काउंटरवर जाईल, हा धाक आमच्या काउंटरला जन्मात नव्हता. परिणामी आम्हाला राहायला हॉटेल, जेवण, आणि आज सकाळच्या विमानात सगळ्यात पुढच्या, पडद्यापलीकडच्या दोन जागा मिळाल्या! त्या जागांवर मी जन्मभर दुसऱ्यांना बसवलं. म्हणजे आत्ता मी लिहितोय ते तिथेच बसून. खुर्ची आडवी होते, टेबल खुर्चीच्या हातातून निघतं, आणि हिने सगळी बटणं दाबून बघितल्यामुळे हवाईसुंदरी आता न बोलावताच येते. आम्हाला आनंद आवरत नाहीये. फक्त ती आली की मी अजून अर्धवट उठतो.

खिडकीतून खाली ढग दिसतात आणि एकच गोष्ट आठवते. लहानपणी बसमध्ये तू आधी चढायचीस आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकायचीस. कोणी कितीही डोळे वटारले तरी हलायची नाहीस, म्हणायचीस, भाऊ येतोय, आणि खिडकीतून मला हाक मारायचीस. साऱ्या जगाला मी जागा देत फिरलो, पण माझ्यासाठी जागा धरणारी तू एकटीच. तुझ्या उशा माळ्यावर गेल्या हे ऐकून मला रात्रभर हॉटेलच्या उशीवर झोप आली नाही.

थोरल्यांना नमस्कार लिहावा, तर घरात थोरली तूच. भाऊजींना खोकल्यासाठी शुभेच्छा.

तुझा धाकटा, अपराधी भाऊ

ता. क. १ : पुढच्या जागेवर बसलेला माझा फोटो हिने नातेवाइकांना पाठवला आहे. तो आमच्या जुन्या युनियनवाल्यांपर्यंत जाऊ देऊ नकोस. तिथे माझ्या भाषणाचं अजून नाव निघतं.

ता. क. २ : वरील मजकुरात पिशवी मी आधी उचलली असं लिहिलं आहे, ते धादांत खोटं आहे. यांचा हात वर गेला म्हणून उचलली. — तुमची भावजय.

ता. क. ३ : हे पत्र भाऊजींनी टपालात आलं म्हणून तुझ्या हातात दिलं असेल. पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या नजरेतून सुटलं नसणार. (बिनतिकिटी येण्याची आमची जुनी सवय.) त्यांच्यावर चिडू नकोस, ते दूध आणायला खाली उतरले आणि आमच्या तावडीत सापडले. आम्ही तुझ्या दाराबाहेर आहोत. पायपुसण्याच्या जरा बाजूला, भिंतीशी, कपडे इस्त्रीचे, हसतमुख. बेल वाजवलेली नाही, कारण आत जागा आहे की नाही ते तूच ठरवायचं. असेल, तर उशा मागाहून काढू, आधी दार उघड आणि लहानपणी बसमधून मारायचीस तशी ‘फुग्या’ म्हणून एकदा हाक मार. नाव पुकारल्याशिवाय आत जायचं नाही, अशी आमची शिस्त आहे.