थोरल्याचा ब्लॉक, धाकट्याचं हेड

प्रिय छबू,

हे पत्र मुद्दाम तुझ्या बालवाडीच्या पत्त्यावर टाकते आहे. घरचं टपाल भाऊजी फोडतात. फोन करावा तर तिकडे तेच उचलतात आणि इकडे समोर हे बसलेले असतात. मग आपण दोघी 'बरी आहेस ना'च्या पुढे जातच नाही. इंजिनाचं वरचं हेड, भाऊजींचं, काल ट्रान्सपोर्टच्या ट्रकने तुमच्याकडे निघालं. तो ट्रक जागोजागी माल उतरवत येतो, तेव्हा पत्र आधी पोचेल असा माझा हिशेब आहे. ते हेड तुमच्या गाडीच्या इंजिनावर चढायच्या आत तू हे वाचायला हवंस. देवाजवळ सध्या तेवढंच मागते.

खोकं मीच भरलं. खाली भुसा घातला, हेडला जुनी रजई गुंडाळली. ती फेकू नकोस, कापूस चांगला आहे, धुतली की तेलाचे डाग निघतील. हेड उतरवलं मात्र यांनी, एकट्याने. प्रत्येक बोल्ट थोडा थोडा ढिला करत, कडेपासून मधे येत, कुणाला दुखू नये म्हणून जपावं तसं. मग पुसून ओट्यावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "त्याचं त्याला दे."

तुला तो उन्हाळा आठवतो का गं? तू नवी होतीस आणि आपल्या दारात दोन जुन्या जपानी गाड्या, दोन्ही मेलेल्या. यांच्या गाडीचं हेड तापून तडकलेलं, भाऊजींच्या गाडीचा ब्लॉक फुटलेला. पार्ट मिळत नव्हते, मिळाले असते तरी आपल्याला झेपले नसते. तेव्हा दोन्हींतून एक इंजिन करायचं या दोघांनी घेतलं. यांचा ब्लॉक खाली, भाऊजींचं हेड वर. गाड्या एकाच कंपनीच्या, पण चुलत बहिणींसारख्या, नाक सारखं आणि पायाचं माप वेगळं. कुठे कानस मार, कुठे नवं भोक पाड, असं चाललेलं. हे कारखान्यातून लेथवरचं काम करून यायचे ते पुन्हा तेच करायला बसायचे. भाऊजी ऑफिसातले, पण कार्बुरेटर नुसत्या कानाने लावायचे. एकदा त्यांनी माझ्या दुधाच्या पातेल्यात इंजिनाचा थर्मोस्टॅट उकळत ठेवला, तापल्यावर त्याची झडप उघडते का बघायला. मी ओरडले तर म्हणतात, "वहिनी, हा उतू जात नाही, तुम्ही निवांत बसा." तू दारामागे तोंडाला पदर लावून हसत होतीस. या घरात तुझं हसू मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. पातेलं अजून आहे, दुधाला मात्र परत वापरलं नाही.

इंजिन सुरू झालं तेव्हा हे आणि भाऊजी एकमेकांकडे बघेनात. दोघंही इंजिनाकडे बघत उभे. तसेच आहेत दोघं, माया करायची तर मधे काहीतरी लोखंडाचं लागतं. नंतर इतकी वर्षं आपण सगळे त्या एका गाडीतून फिरलो. तुझी चिंगी जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणलं तेही त्यातूनच, आणि हे एवढ्या हळू चालवत होते की मागून सायकलवाले पुढे जात होते.

मग भाऊजींची बदली झाली. तुम्ही निघायच्या आदल्या दिवशीचं जेवण तू विसरली नसशील. भाऊजींनी हसत विचारलं, दादा, गाडीचं काय? हेही हसत म्हणाले, गाडी माझ्या नावावर आहे. भाऊजी म्हणाले, आणि वरचं अर्धं इंजिन? हे म्हणाले, ने उचलून. तोपर्यंत दोघं हसत होते. मी वाढायला आत गेले आणि परत आले तोवर दोघांची ताटं तशीच आणि कुणी वर बघत नव्हतं. काय झालं ते मला अजून उमगलेलं नाही. तुला उमगलं असेल तर कळव.

हेड उतरवल्यापासून आपली गाडी अंगणात बोनेट उघडं टाकून उभी आहे. हे रोज ब्लॉकवरचं फडकं काढतात, चारी भोकांत तेलाचं बोट फिरवतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. भंगारवाल्याकडे दुसरं हेड शोधायला जातात आणि हात हलवत परत येतात. मी देवापुढे बसून सगळ्यांची नावं घेते ना, तर भाऊजींचं नाव आलं की बाहेरून खाकरल्याचा आवाज येतो. मी थांबत नाही. पण यांच्यापुढे याहून जास्त माझं काही चालत नाही.

मागे चिंगीचं कार्ड आलं. बाबांनी तशीच जुनी गाडी घेतली, तिचं खालचं इंजिन छान आहे, आपलं हेड आलं की सुट्टीत डोंगरातून तुझ्या माहेरी आजीकडे जाणार, असं तिने लिहिलं होतं. मी ते यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हे घास हातात धरून ऐकत राहिले. नंतर खोकं भरताना हेडच्या खालच्या बाजूला एक गोल चकचकीत ठिपका दिसला. हे काय, म्हणून मी सहज विचारलं. यांनी सांगितलं, ते तेलाचं भोक. यांच्या ब्लॉकला त्या जागी वाट नव्हती, म्हणून त्या उन्हाळ्यात यांनी ते बुजवून, घासून सपाट केलं आणि वरच्या भागाला तेल बाहेरच्या नळीने दिलं. भाऊजींच्या नव्या ब्लॉकमधून तेल त्याच भोकातून वर चढतं. भोक बंद राहिलं तर वर तेल पोचणार नाही आणि चालत्या गाडीत इंजिन अडकून बसेल. बुजवलं तेव्हा भाऊजी ऑफिसात होते. नळी त्यांनी कितीदा तरी पुसली आहे, पण आतलं भोक त्यांना ठाऊक नाही. नव्या मेकॅनिकला तो नुसता डाग वाटेल.

मी म्हटलं, मग ड्रिल मारून मोकळं करा ना, तुमच्या हातचं आहे. हे फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "त्याने मला विचारायला हवं."

छबू, हे वाईट नाहीत. यांना भावाचं इंजिन जळायला नको आहे, फोन वाजायला हवा आहे. पण नाही वाजला तर हे आपणहून सांगणार नाहीत, हे मला त्या दिवशी यांच्या तोंडाकडे बघून कळलं. मी हातापाया पडले, रडले, अबोला धरून पाहिला. ड्रिल उचलून बघितलं, पण मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईला ते कुठे धरायचं तेही कळेना. खोकं ठेवून घेतलं असतं तर भाऊजी म्हणाले असते, दादाने दिलं नाही. शेवटी मीच ते ट्रकवाल्याच्या हवाली केलं.

म्हणून हे लिहिलं. भाऊजींना काहीही करून यांना फोन करायला लाव. दादा, हेड बसवताना काय बघू, एवढंच विचारू देत. पुढचं हे सगळं सांगतील, थांबायचे नाहीत. ते नाहीच म्हणाले तर हे पत्र तुमच्या मेकॅनिकच्या हातात दे. मी सांगितलं हे इथे कळेल, कळू दे. यांनी बोलणं टाकलं तर टाकलं. तू मात्र चिंगीला घेऊन त्या गाडीत बसू नकोस. पहिल्यांदा सुरू झाली की आवाज अगदी गोड येईल, असं हे म्हणत होते. भाऊजी त्या आवाजाला भुलतील, तू भुलू नकोस.

तुझीच,
थोरली