कुटाचे दोन डबे

५ ऑक्टो. ७३
खंडेनवमी. लॅबमध्ये पूजा. तराजू, पिंजरे, डबे, सगळ्यांना कुंकू.
बुरशीच्या दाण्याचं कूट सगळ्याच उंदरांना. त्यात ज्यांना प्रथिनं भरपूर, त्यांच्या यकृतात गाठी, मरून राहिले. ज्यांना कमी दिली ते सुकडे, पण टुणटुणीत. हद्द आहे! सर म्हणाले, "वसंतराव, विष आत जाते तेव्हा अर्धंच असते. यकृत त्याले पुरं करते. अन् त्या कामाले प्रथिनं लागतात."

८ ऑक्टो.
आमच्या बेबीची कावीळ उतरली. डॉक्टर म्हणे दूध, अंडी, दाणे द्या. लॅबमधल्या चांगल्या, बिनबुरशीच्या दाण्यांच्या डब्यातलं उरलेलं कूट घरी आणलं. बायकोनं, सु.नं, गूळ घालून लाडू वळले. बेबीनं दोन हाणले.

२० ऑक्टो.
घात झाला. विषाच्या डब्याला लाल दोरा, चांगल्याला पांढरा, ही आमची खूण. आज पाहतो तर दोन्ही लाल! जानराव शिपाई म्हणे, "पूजेत पांढरा दोरा बरा दिसते का गा? मीच बदलवला." फळीवर डबे परत कसे ठेवले, त्याला आठवत नाही. मी त्या दिवशी दोरा पाहिलाच नाही, जागेवरून उचलला.
लाडू परवाच संपले. सरांना सांगायची छाती झाली नाही. दोन्ही डबे ओतून धुऊन टाकले. आता तपासायलाही काही नाही. गाढव मी!

२२ ऑक्टो.
बेबीचं दूध बंद. अंडंही. सु.ला सांगितलं, डॉक्टरनं पथ्य बदललं.

१२ नोव्हें.
बेबी वाळली. पण दिवसभर धावते. शेजारीण म्हणाली, "पोरगी मोठी चपळ झाली वं!" नंतर खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून बाहेर बघत होती. डोळे लकलक. मला माझ्याच लेकीची भीती वाटली.
सरांना सहज म्हणून विचारलं, विषानंतर प्रथिनं बंद केली, अन् मग पुन्हा दिली तर? "आपण नाही पाहिलं. पाहू करून."

१३ नोव्हें. सकाळ
सु.ला सगळं सांगितलं. रडली नाही. म्हणाली, "लाडू तुमीबी खाल्ले, मीबी खाल्ले. मंग तुमचा दूधभात काहून सुरू आहे?"
हे माझ्या मनातच आलं नव्हतं. देवाशप्पथ. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
तिनं पेला भरून बेबीपुढं ठेवला. बेबी माझ्याकडे पाहून राहिली. "बाबा, पिऊ?"
मी वही घेऊन बसलो. ती तशीच बसून आहे. दुधावर साय धरली.