दुसरा फटका कोणाचा

२ नोव्हेंबर, रविवार
गोल्फच्या जोडीच्या खेळात आम्ही भाऊबहीण पुन्हा पहिले. एक फटका निलेशचा, एक माझा, पुन्हा त्याचा. तीन वर्षं हेच चाललंय आणि झक्क चाललंय. चेंडू गोळा करताना आम्हाला शिकवणाऱ्या भोयर मॅडम म्हणाल्या, "वर्षाताई, यंदा निलेशचं नाव एकट्याच्या खेळात टाकून राहिली मी." म्हटलं, आणि मी? "तुम्ही दोरीबाहेर, बघणाऱ्यांत," म्हणून हसल्या. मला काही हसू आलं नाही.
निलेश एकतीसचा. चौथीनंतर शाळेने हात टेकले. पण त्याचा फटका सुटला की क्लबातले पोटं सुटलेले साहेबलोक वळून बघतात. एकटा खेळेल? खेळेल. का नाही खेळणार?

५ नोव्हेंबर
आईचं सकाळपासून सुरू. "काहून एकट्याले पाठवून राहिली वं? एकटा किराणा आणाले तरी गेला काय तो कधी?" म्हटलं, तू जाऊ देतेस का? भांडी जरा जास्तच वाजली मग.
निलेशलाच विचारलं. एकटा खेळशील? हो. नक्की? "हो म्हटलं न ताई. किती डाव विचारतं?"
झालं तर मग.

९ नोव्हेंबर, रविवार
सरावाचा सामना. निलेश एकटा, समोर जरीपटक्याचा हरीश.
पहिला फटका असा की बस. सरळ, मधोमध. निलेश रुबाबात चेंडूपर्यंत चालत गेला. स्टिक बॅगेत ठेवली. दोन पावलं मागे सरकला आणि हात मागे बांधून उभा.
उभाच.
हरीश आपला फटका मारून पुढे गेलासुद्धा. पंच म्हणाले, खेळ बेटा. निलेश अगदी शांतपणे, "माही झाली. आता ताईची बारी हाये."
दोरीबाहेरून बोललं तर दंड त्यालाच. मी ओढणीचा बोळा तोंडात धरून उभी. पंचांनी घड्याळ बघितलं, पुन्हा सांगितलं, शेवटी तो होल गेला. पुढचाही तसाच. तिसऱ्यानंतर मॅडमनीच थांबवलं.
चूक कसली त्यात? मारलास की मागे हो, हेच तर घोटून घेतलं आम्ही. शिकवलेलं पक्कं लक्षात ठेवलं त्याने. पण महिन्याभरात विशेष खेळाडूंच्या स्पर्धेसाठी निवड आहे, आणि तिथे हे चालणार नाही.

१० नोव्हें.
आई: "सांगतलं होतं न मी."
नि. जेवायला बसेना. शेजारी जाऊन बसले. तर म्हणतो, "म्या तुले बोलावलं. तू आली नाही. उभीच राहिली."
न्हाणीघरात जाऊन रडले. मग तोंड धुऊन त्याला वाढलं. दोन पोळ्या खाल्ल्या.

१६ नोव्हें., रविवार
वाडीला, आमच्या ऑफिसच्या गोडाऊनमागे मोकळा प्लॉट आहे. रविवारी ट्रक कमी. त्याला घेऊन गेले.
लागोपाठ दोन मार म्हटलं. एक मारतो, मागे. समजावलं, चिडले, लाडीगोडी लावली. एक मारतो, मागे. शेवटी वैतागून म्हटलं, मी नाही मारणार जा, आणि दगडावर जाऊन बसले.
बघत राहिला माझ्याकडे. मग पुढे झाला. नसलेली ओढणी खांद्यावरून घेतली, कमरेला खोचली, नाक वर ओढलं, "चल रे बाबा, जा एकदाचा," पुटपुटला आणि मारला!
हुबेहूब मी. मी नाक ओढते हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.
पुढचा स्वतःचा. त्यापुढचा ताईचा. हसून हसून पोट दुखलं. एक सांगायलाच हवं, ताईचा फटका तो ताईपेक्षा लांब मारतो.

२३ नोव्हें.
सरावाला सगळे होल असेच खेळला. निलेश, ताई, निलेश, ताई. पोरं खिदळत होती. मॅडमना काळजी, स्पर्धेत लोक हसतील. म्हटलं, हसू द्या. ओढणी खोचायला नियमात बंदी आहे का? नाही. मग?
आईला घरी करून दाखवलं त्याने. आई डोळे पुसत, "अगदी तूच वं!" आता म्हणते, मीही येतो बघाले.

३० नोव्हें.
आज नवीनच. ग्रीनवर, अगदी होलाजवळ, ताईची बारी आली तर ताई झालाच नाही. आपणच मारला.
काहून रे?
"ताईले जवळचं जमत नाही. मीच मारतो."
खरं आहे. जवळचे माझे नेहमी हुकतात. तरी लागलं मनाला. जोडीतून काढलं म्हणायचं मला, आणि तेही खेळ येत नाही म्हणून! मॅडमना सांगितलं तर त्यांनी टाळीच दिली.

७ डिसेंबर, रविवार. निवड.
झाडाखाली बसून लिहिते आहे. आईचे गुडघे धरले, ती घरीच.
नोंदणीला त्या माणसाने नाव विचारलं, मी सवयीने तोंड उघडलं. निलेशने हात आडवा केला. "मले विचारलं त्यानं." नाव सांगितलं, आडनावासकट.
पहिला होल इथून दिसतो. पहिला फटका ठीक, थोडा डावीकडे. चालत गेला. थांबला. मागे सरकला नाही. ओढणी नाही, नाक नाही, पुटपुटणं नाही. नुसता निलेश उभा राहिला आणि नुसत्या निलेशने मारला.
एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की सगळे बघायला लागले. आनंद झाला, खूप झाला. आणि त्यात कुठेतरी, माझी बारी संपली बाई, असंही…
आता ते झाडांपलीकडे गेलेत. पुढचे होल इथून दिसत नाहीत. ताई झाला असेल, नसेल. हरीशची आई म्हणाली, "चला न वर्षाताई, मागच्या रस्त्यानं सगळं दिसते."
म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मी इथंच बसते.