फिट्टंफाट

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची. लाँचने असं काही घुसळून काढलं की धक्क्यावर पाय ठेवला तेव्हा पोटात कालचं काही शिल्लक नव्हतं, परवाचंही नसावं. पण उतरले आणि मन एकदम खूश झालं. बेट एवढंसं आहे की स्कूटर चौथ्या गिअरमध्ये टाकेपर्यंत संपतं. एक रस्ता, एक दवाखाना, एक बेकरी, एक टपाल कचेरी. मोबाइल इथे नुसता घड्याळ म्हणून वापरायचा. फोन करायचा तर टपाल कचेरीत जायचं. लाँच दर सोमवारी येते आणि तासाभरात परत जाते. बाकी आठवडा आपण आणि समुद्र.

माझी खोली बेकरीच्या वर आहे. खाली भट्टी पेटली की फरशी कोमट होते, मोजे घालायला नकोत. घरमालकीण म्हणजे बेकरीवालीच. तिला मी पहिल्या तासातच ताई करून टाकलं. परक्या मुलखात नातं जोडलं की भाडं कमी होवो न होवो, चहा नक्की मिळतो. ताईचे हात बघण्यासारखे आहेत. पीठ मळून मळून मनगटं माझ्या दंडाएवढी झालीत. घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. आईवडील नाहीत, तिनेच त्याला लहानाचा मोठा केला. मी म्हटलं, आमच्याकडेही डिट्टो. माझ्या धाकट्या भावाचा, टिल्लूचा फोटो दाखवला. टिल्लू म्हणवणारा हा सहा फुटी बाबा बघून ताई खूप हसली आणि तो इकडे कधी येणार ते विचारलं. परीक्षा संपली की, मार्चअखेर, असं मी सांगितलं. तिने त्याच्यासाठी माडीवरची दुसरी खाट लगेच झाडून ठेवली.

५ फेब्रुवारी

ताईचा भाऊ म्हणजे तोंडाचा पट्टा. मी नर्स, म्हणून येता-जाता मला सुईबाई म्हणतो. आज त्याच्या कोपराचा धक्का लागून माझा चहाचा मग फुटला. मी चिडले, कारण तो मी घरून आणला होता. पण मी काही बोलायच्या आत त्याने स्वतःचा मग आणून माझ्या हातात दिला आणि फोड म्हणाला. मला वाटलं मस्करी करतोय. ताईही गंभीरपणे म्हणाली की फोडून टाक, म्हणजे मनात काही राहत नाही. मी फोडला. तिघंही हसलो.

लहानपणी टिल्लू आणि मी अशीच फिट्टंफाट करायचो. तू चिमटा काढलास, मी काढला, संपलं. नंतर एकाच ताटात जेवायला मोकळे. मला ही माणसं आवडली बुवा.

१८ फेब्रुवारी

दवाखान्यात दोन खाटा आणि एक म्हातारे, अगदी गोड डॉक्टर. काम बेताचं. गंमत म्हणजे इथे जखमा जोडीने येतात. सुताराच्या तळहातात खिळा घुसलेला, मागोमाग त्याच्या मेहुण्याच्याही, अगदी त्याच जागी. एका सुनेचं मनगट उकळत्या तेलाने भाजलेलं, आणि तिला घेऊन आलेल्या सासूचंही. मी डॉक्टरांना म्हटलं की इथे काय एकावर एक फुकट आहे की काय. ते हसले. मग खणातून मोजपट्टी काढून त्यांनी आधी सुनेचा डाग मोजला, मग सासूचा, आणि बरोबर आहे, लाव मलम, असं म्हणाले.

दुपारी त्यांनी समजावून सांगितलं. इथे पोलीस चौकी नाही, कोर्ट नाही आणि कुणाचं कुणाशी वैरही नाही. ज्याच्या हातून दुसऱ्याचं जेवढं गेलं, तेवढंच त्याचंही जायचं. चुकून गेलेलं असो की मुद्दाम. नंतर कुणी तोंड फुगवायचं नाही. मला हे रानटी वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं पटलंही. आमच्या बिल्डिंगमध्ये एका पार्किंगवरून दोन घरांचा बारा वर्षं अबोला होता.

२६ फेब्रुवारी

आज ते डोळ्यांनी बघितलं. पटलं वगैरे सगळं परत घेते.

धक्क्यावर दोर ओढायचं दातेरी चक्र आहे. एक खलाशी दोर सारखा करत होता आणि त्याच्या दोस्ताने न बघता चक्र फिरवलं. दोन बोटं दात्यांत गेली. मी पेटी घेऊन धावत पोचले तोवर दोस्ताने स्वतःची दोन बोटं तिथे ठेवली होती. तोच हात, तीच बोटं. मी ओरडले, शिव्या घातल्या, त्याचा दंड धरून मागे खेचला. त्याने मला अगदी अदबीने बाजूला केलं. मग रक्ताने माखलेल्या खलाशाने चांगल्या हाताने चक्र फिरवलं. ऊस मोडावा तसा आवाज झाला. भोवतीची माणसं मान हलवून आपापल्या कामाला लागली.

नंतर दोघंही दवाखान्यात एका बाकावर बसून एकाच सिगारेटचे झुरके मारत होते. मी खाली बसून टाके घातले.

ताईने संध्याकाळी गरम पाव आणून दिला आणि सवय होईल म्हणाली. मला सवय करून घ्यायची नाही. टिल्लू येऊन चार दिवस राहिला की त्याच्याबरोबर गाशा गुंडाळायचा, ठरलं.

१० मार्च

लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

ताईचा भाऊ सकाळी आला. पत्र्याने तळपाय कापलेला, पू झालेला. डॉक्टर बेटाच्या पलीकडच्या टोकाला गेले होते. बाहेर रांग लागलेली आणि हा सुईबाई, सुईबाई करून माझं डोकं खात होता. मी वैतागले होते. त्याला जे इंजेक्शन द्यायचं ते आधी कातडीत थेंबभर टोचून बघायचं असतं. सोसतंय की नाही, ते बघत थांबायचं असतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. मी थांबले नाही. सगळं एकदम टोचलं.

कापूस टाकायला वळले आणि तो खोकला. मला वाटलं नाटक करतोय. ओठ सुजले. गळ्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तो खाटेवरून खाली कोसळला, टाचा फरशीवर आपटायला लागल्या. मी उतारा टोचला, पुन्हा टोचला, छाती दाबत राहिले. माझ्या हाताखाली त्याची बरगडी मोडली. त्याने माझं मनगट असं धरलं होतं की नखं आत रुतली. चेहरा जांभळा पडला आणि मग मनगटावरची पकड सुटली.

ताई पिठाच्या हातांनी धावत आली. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. ती रडली नाही. मी मेले असते तर बरं झालं असतं.

११ मार्च

ताई वर आली. मी तिचे पाय धरले. तिने मला उठवलं, पदराने माझं तोंड पुसलं. म्हणाली की चूक कुणाच्याही हातून होते, तिच्या मनात राग नाही. मग समोर बसून विचारायला लागली. श्वास अडकल्यावर त्याला किती वेळ लागला. डोळे आधी फिरले की हातपाय आधी थांबले. मी सगळं सांगितलं, बहिणीला कळायला नको का. ती शाळेतल्या मुलीसारखी लक्ष देऊन ऐकत होती.

मग तिने विचारलं, टिल्लू मार्चअखेर येतोय ना.

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा मी तिच्यापुढे गुडघे टेकले आणि मान वर केली. माझा गळा दाब म्हटलं, आत्ता दाब. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला. म्हणाली की तुझा जीव घेऊन मी काय करू. मी कुठे मेलेय? माझा भाऊ गेलाय.

१२ मार्च

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं की हा हिशेब ताईचा, सोडला तर तीच सोडणार. ती नसती तर तिचा हिशेबही नसता. लाँचवाल्याचा माणूस धक्क्यावर होता, त्याला विचारलं. हिशेब बाकी असलेलं माणूस लाँचवर घेत नाहीत म्हणे. सगळे इतकं गोड बोलतात की डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

फोन मात्र कुणी अडवला नाही. टपालमास्तरांनी स्वतः नंबर लावून दिला. साध्या आवाजात सांगायचं ठरवलं होतं, मला रजा नाही, येऊ नकोस. पण तो बोल अक्के म्हणाला आणि माझा बांधच फुटला. सगळं सांगून टाकलं. तू इथे आलास तर ती तुझा गळा दाबेल, येऊ नकोस, माझी शपथ आहे. मग लहान मुलाशी बोलावं तसं त्याने विचारलं की अक्के, नीट झोपतेस ना, जेवतेस ना. मी पुन्हा तेच सांगितलं. तो बरं म्हणाला. नाही येत म्हणाला.

१४ मार्च

खात्री करायला फोन लावला. टिल्लूचा बंद. शेजारच्या काकूंना लावला. त्या म्हणाल्या की तो कालच निघाला, परीक्षा सोडून निघाला. अक्काचं डोकं ठिकाणावर नाही, तिला घेऊन येतो म्हणाला. सोमवारच्या लाँचने पोचेल, तू काळजी करू नको बाळा.

मीच बोलावलं त्याला. मीच.

खाली मळण्याचा आवाज येतोय. जिन्यातून डोकावले. बेकरी दुखवट्यासाठी बंद आहे, भट्टी थंड आहे, आणि ताई पिठाचा एक लांबट गोळा दोन्ही हातांनी दाबून धरते. बराच वेळ. मग सोडते. बोटांचे खड्डे बघते. पुन्हा धरते.

१५ मार्च

ती नसती तर तिचा हिशेबही नसता.

डॉक्टरच म्हणाले तसं.

दुसरा काही मार्ग असेल तर कुणीतरी सांगा मला. देवा, सांग. उद्या सोमवार.

१६ मार्च, सकाळ

झालं.

सुई घेऊन गेले होते. झोपेचं औषध, भरपूर. तिला नुसतं झोपवायचं होतं, उठायचं नाही असं. तिने मनगट पकडलं, सिरिंज खाली पडून फुटली. तिने मला मारलं नाही. धरून ठेवलं आणि समजावत राहिली. दोन दिवस फार जड जातात, मग हलकं वाटतं, असं काहीतरी. भट्टीची सळई हाताशी होती. पहिला फटका कानावर. ती खाली बसली फक्त. माझ्याकडे बघत होती. ते बघणं बंद व्हायला हवं होतं म्हणून — जबडा, डोळा, कपाळ — किती ते माहीत नाही. हात दुखेपर्यंत. पीठ आणि रक्त मिळून चिकट झालंय सगळं, माझ्या केसांत आहे, दातांत आहे.

टिल्लू वाचला. वाचला माझा टिल्लू.

लाँचचा भोंगा.

दुपार

कुणी अंगावर हात टाकला नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसवलंय. पाणी दिलं, वही मागितली तर वही दिली. डॉक्टर ताईला मोजून आले. त्यांची पट्टी ओली होती. म्हणाले की भावाचा हिशेब ताईबरोबर गेला, त्यासाठी तुझ्या भावाला कुणी बोट लावणार नाही. आता राहिला ताईच्या जिवाचा. म्हणजे माझा. मी हो म्हटलं. हसलेसुद्धा. घ्या की, मी कधीची देतेय.

मग विचारलं, ताईचं तर कुणी नाही, मग मारणार कोण.

डॉक्टर म्हणाले, तोच प्रश्न आहे. बेटावरच्या कुणी मारलं तर टिल्लू बहिणीला मुकणार. मग त्या माणसाची बहीण जायला हवी. हे कधी संपायचंच नाही. कुणाचं काही बाकी राहणार नाही असा हात एकच आहे —

नाही. नाही म्हटलं मी. ओरडले. ते थांबले माझं होईपर्यंत.

सळई धुऊन ठेवलीय त्यांनी.

संध्याकाळ

टिल्लूला आणलं होतं. वाळलाय. येताना एकाचा दात पाडला त्याने. त्यांनी त्याचाही एक पाडला, मग चूळ भरायला पाणी दिलं. तो रक्त थुंकत म्हणतो, मी नाही करणार. नाही केलंस तर तूही तिच्याबरोबर जाशील, मग मागे हिशेब मागणारं कुणी उरणारच नाही, असं त्यांनी सांगितलं. तो म्हणतो, चालेल. गाढव. चालेल म्हणे.

आईची शपथ घातली. एका बाईचं तोंड ठेचलंय मी तुझ्यासाठी, ते फुकट घालवू नकोस म्हटलं. तू केलंस की तू घरी जाशील, लाँच थांबवलीय तुझ्यासाठी. तो कान झाकून बसला. मी हात काढले त्याचे. पुन्हा सांगितलं. पुन्हा.

शेवटी मान हलवली त्याने.

तेवढेच घाव लागणार. त्याच जागी. डॉक्टर पट्टी घेऊन उभे राहतील. कमी भरले तर त्याला पुन्हा — मी का इतके मारले. दोन पुरले असते. दोनच मारायचे होते गं बाई, दोन —

पावलं.

आला. सळई दोन्ही हातांनी धरलीय. चुकीची धरलीय, अशाने जोर येत नाही, मला लवकर नाही येणार मरण, त्याला जास्त वेळ —

टिल्लू, खाली धर. टोकाला. हां. वर उचल, अजून. माझ्याकडे नको बघूस. रडू नकोस रे सोन्या, नेम चुक