सावड आणि सुतळी

आळेफाटा, १२ जुलै २०२५

ती. स्वप्नाताईस,
सविनय जय भीम, वि. वि.

फोनवर तू भांडायला लागलीस की शिनोलीची रेंज नेमकी जाते, म्हणून कागदावर लिहितो.

रविवारी तुझ्या रानात आलो, तर टोमॅटोच्या बांधणीला सगळीकडे परदेशी हिरवी सुतळी! सख्ख्या भावाचा सुतळीचा कारखाना असताना! चहा घशाखाली उतरला नाही, ताई. तिथलं सरकार त्या कारखानदाराला अनुदान देतं. आपला त्यांच्याशी मुक्त व्यापाराचा करार, म्हणून आयात शुल्कही लागत नाही. मग तो माल खर्चाहून कमी भावात इथं ओततो. माझी निम्मी यंत्रं झाकून ठेवलीत. वर्ष असंच गेलं तर कारखान्याला कुलूप.

त्या मालावर शुल्क बसावं म्हणून आमच्या संघटनेनं अर्ज केलाय. दिल्लीच्या सुनावणीत छोट्या कारखान्यांतर्फे मी बोलायचंय. अध्यक्ष संपतराव म्हणतात, शेतकऱ्याला काही फरक पडत नाही असं ठासून सांगा, आणि आपल्याला सरकारकडून मिळणाऱ्या वीजसवलतीचा विषयच काढू नका. तू शेतकरी म्हणून तशा दोन ओळी लिहून दे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा रत्नदीप


शिनोली, १९ जुलै

चि. रत्नदीपास अनेक आशीर्वाद.

चहा दोनदा मागून घेतलास, उगाच लिहू नकोस.

हिरवी सुतळी स्वस्त आहे आणि चांगलीही आहे, म्हणून घेतली. शुल्क बसलं की माझा खर्च वाढणार. फरक पडत नाही असं मी लिहून देणार नाही.

पण तुझंही खोटं नाही. आमच्याकडे बांधणी सावडीनं होते. आज जानकाबाईंच्या रानात, उद्या माझ्या. बांध सगळ्यांना मोकळा, फक्त ज्यानं त्यानं आपले हात घेऊन यायचं. मागं गेणभाऊंनी दुसऱ्याच्या खर्चानं मजूर धाडले आणि बदल्यात आमचे हात मागितले. तेव्हा जानकाबाईंनी तोंडावर सांगितलं की भाऊ, ही काय सावड न्हाई. दिल्लीत हेच सांग. मात्र मग स्वतःची वीजसवलत झाकू नकोस. अण्णा आयुष्यभर ताठ मानेनं जगले, आणि आपण त्यांचीच लेकरं.

जेवणाची हेळसांड नको. आशीर्वाद आहेतच.
स्वप्नाताई


आळेफाटा, ११ ऑगस्ट

ती. ताईस,
सविनय जय भीम, वि. वि.

सुनावणी झाली. परदेशी कंपनीच्या वकिलांनी हसत विचारलं की सवलत तुम्हालाही मिळतेच ना. मी हो म्हणालो आणि किती तेही सांगितलं. माझी बहीण यांचीच सुतळी बांधते, शुल्काचा भार तिच्यावर पडेल, म्हणून परक्या अनुदानानं भाव जेवढा पाडलाय तेवढंच शुल्क लावा, असंही बोललो. मग सावड सांगितली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ती पुन्हा समजावून घेतली आणि नोंदवायला लावली.

संपतराव परतीच्या प्रवासात दुसऱ्या डब्यात जाऊन बसले. निकालाला वेळ लागेल आणि तो विरुद्ध गेला तर कारखाना जाईल. भीती वाटते, ताई. पण मान ताठ आहे.

लोभ आहे तसाच राहू दे.
रत्नदीप


शिनोली, १८ ऑगस्ट

चि. रत्नदीपास अनेक आशीर्वाद.

बाबा, पत्र मी सावडीत मोठ्यानं वाचलं. जानकाबाई म्हणाल्या, आमची सावड दिल्लीला गेली, लई झालं. गेणभाऊ तेवढे खाली बघत होते. मला तुझा फार अभिमान वाटला. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

निकाल काहीही लागो, पुढच्या लागणीला माझ्या रानाची सुतळी तुझ्याकडून. महाग पडेल हे ठाऊक आहे. बाकीच्या बायांचं मी सांगत नाही, ज्याची त्याची मर्जी. मात्र गिऱ्हाइकाला लावतोस तोच भाव मला लाव. बहीण म्हणून एक रुपया जरी सोडलास, तर ते अनुदान धरीन, आणि सुनावणी शिनोलीत होईल.

चहा प्यायला ये.
तुझी ताई